तारखेला न आलेला माणूस

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच वाढलो. भांडण घरात मिटवावे, फार तर गावातल्या चार शहाण्यांपुढे मांडावे, वकील आणि तारखा यांच्यापायी घरदार घालवू नये, हा तिचा सरळ उपदेश आहे आणि तो खोटा नाही. परंतु या म्हणीचा एक दुसरा अर्थही आपल्या समाजाने नकळत काढला आहे. ज्याच्या नावाने न्यायालयाचे समन्स निघाले, ज्याला न्यायालयाने होऊन बोलावले, तोही ‘आपण त्या पायरीवर कशाला जावे?’ असे म्हणत घरी बसतो. मग एके दिवशी त्याच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध निकाल लागतो. कायद्याच्या भाषेत त्याला ‘एकतर्फी हुकूमनामा’ म्हणतात.

यवतमाळ जिल्ह्यात वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा अशा ठिकाणी दिवाणी न्यायालये आहेत. तेथे कामकाजाच्या कुठल्याही दिवशी एक दृश्य पाहायला मिळते. पट्टेवाला दाराशी येतो आणि वादी-प्रतिवादींची नावे मोठ्याने पुकारतो. बाकावर बसलेली माणसे माना वळवतात. एक नाव पुन्हा पुकारले जाते. व्हरांड्यात कोणी उठत नाही. न्यायाधीश रोजनाम्यावर नोंद करतात आणि पुढचे प्रकरण हाती घेतात. त्या एका नोंदीने कोणाची जमीन, कोणाचे घर, कोणाचा वाटा पणाला लागला आहे, हे त्या न आलेल्या माणसाला त्या क्षणी ठाऊकही नसते. कदाचित तो शेतात कापूस वेचीत असतो.

हा माणूस पुढे केव्हातरी येतो आणि म्हणतो, ‘माझे ऐकून घ्या.’ त्याला न येण्याचे सबळ कारण नव्हते. समन्स त्याला मिळाले होते. त्याने केवळ दुर्लक्ष केले. अशा माणसासाठी मिटलेले दार पुन्हा उघडावे काय? हा प्रश्न वकिलांचा वाटतो, पण तो मुळात नीतीचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो आपल्या वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

विचार नुसता हवेत राहू नये म्हणून आपण एक प्रसंग कल्पू या. तो कोणा एका घराचा नव्हे, पण कोणाच्याही घरात घडू शकेल असा आहे. जिल्ह्यातील एका खेड्यात एक ख्रिस्ती कुटुंब आहे. आईवडील मृत्युपत्र न करता वारले. मागे एक भाऊ आणि एक बहीण. बहीण लग्न होऊन अमरावतीस राहते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे वडिलांच्या जमिनीत मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखाच. बहिणीने वाटा मागितला, भावाने ‘पाहू, पाहू’ म्हणत वर्षे काढली. शेवटी तिने वाटपाचा दावा लावला.

समन्स घेऊन बेलीफ आला तो मृगाचा पाऊस पडून गेल्यानंतर, ऐन पेरणीच्या दिवसांत. भाऊ शेतावर होता. मोठ्या मुलाने सही करून कागद घेतला. घरातील सज्ञान व्यक्तीने असा कागद घेतला तर ती बजावणी सामान्यतः कायदेशीर ठरते. संध्याकाळी भावाने तो कागद पाहिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचून ठेवला. ‘बहीणच आहे ती आपली, परक्यासारखी कोर्टात थोडीच भांडणार? राग निवला की दावा काढून घेईल,’ असे तो बायकोला म्हणाला. मग निंदणी आली, मग वेचणी आली. तारखा होत गेल्या. बहीण प्रत्येक तारखेला अमरावतीहून एस. टी. ने येत होती आणि संध्याकाळी परत जात होती. अखेर न्यायालयाने तिचा पुरावा नोंदवला आणि तिचा अर्धा वाटा मान्य करणारा हुकूमनामा केला. पुढे बऱ्याच महिन्यांनी जमिनीच्या मोजणीसाठी सरकारी माणसे बांधावर आली, तेव्हा भाऊ जागा झाला.

आता भाऊ सांगतो की, दहा वर्षांपूर्वी बहिणीने अमरावतीस घर बांधले तेव्हा त्याने बैलजोडी विकून आणि कर्ज काढून तिला मोठी रक्कम दिली होती. ती वाट्यापोटी होती आणि तसा एक कागदही ट्रंकेत आहे. तो कागद कायद्यापुढे किती टिकेल, हे न्यायालयाने ठरवायचे. परंतु तो खरा असेल तर झालेला निकाल अपुऱ्या माहितीवर झाला आहे. आणि तो खोटा असेल तर बहिणीने इतकी वर्षे सोसलेली वाट पाहणे पुन्हा नव्याने सुरू होणार आहे. प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा आहे, हे आपण सुरुवातीलाच नीट लक्षात ठेवले पाहिजे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील नवव्या आदेशाचा सहावा नियम सांगतो की, समन्स रीतसर बजावूनही प्रतिवादी आला नाही, तर न्यायालय दावा एकतर्फी चालवू शकते. याचा अर्थ गैरहजेरी म्हणजे कबुली, असा नव्हे. वादीला आपले म्हणणे तरीही सिद्ध करावे लागते. याच आदेशाचा तेरावा नियम न आलेल्या माणसासाठी आहे. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते, किंवा हजर न राहण्यास ‘पुरेसे कारण’ होते, यांपैकी एक गोष्ट त्याने पटवून दिली तर एकतर्फी हुकूमनामा रद्द होतो. त्यासाठी मुदत ३० दिवसांची. समन्स रीतसर बजावले नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून, एरवी हुकूमनाम्याच्या तारखेपासून. उशीर झाला असल्यास मुदत कायदा, १९६३ च्या कलम ५ खाली विलंबमाफी मागता येते, आणि तेथेही ‘पुरेसे कारण’ हेच शब्द आहेत.

सारा भार या दोन शब्दांवर आहे. पूर आला, रस्ता बंद झाला, घरात मृत्यू झाला, माणूस दवाखान्यात होता, ही पुरेशी कारणे होत. ‘दुर्लक्ष झाले’ हे पुरेसे कारण नव्हे. मग आपल्या कथेतल्या भावाने काय करावे?

आधी त्याची बाजू पाहू. माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरवू नये, हे तत्त्व आपल्याला शुभवर्तमानातूनही परिचित आहे. सत्ताधारी परूशी प्रभू येशूला पकडू पाहत होते, तेव्हा त्यांच्यातल्याच निकोदेमाने त्यांना विचारले की, माणसाचे आधी ऐकून घेतल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याचा न्याय करते काय? इंग्लंडमध्ये १७२३ साली डॉ. बेंटली यांचे प्रकरण गाजले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांचे म्हणणे न ऐकता त्यांच्या पदव्या काढून घेतल्या होत्या. त्या वेळी न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी एदेन बागेचा दाखला दिला. सर्वज्ञ परमेश्वरानेसुद्धा आदामाला शिक्षा करण्यापूर्वी हाक मारली आणि विचारले. त्याला उत्तर ठाऊक होते, तरी विचारले.

परंतु येथे कोणी म्हणेल, ‘भावालाही विचारलेच होते की! समन्स ही हाकच होती.’ हे खरे आहे. तरीही हाक कोणाला मारली आणि ती त्याला कितपत समजली, हेही पाहिले पाहिजे. याचा मोठा धडा महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि त्यांचे रोखे व वह्या जाळल्या. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगापुढे जी दुखणी आली त्यांतले एक हेच होते. सावकार दावा लावी, कुणबी न्यायालयात जात नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. कुणब्याला कागद वाचता येत नसे, न्यायालय दूर असे, आणि जाऊन काही उपयोग होईल असा भरवसाही नसे. बाहेरून पाहणाऱ्याला तो निष्काळजीपणा दिसे. आत पाहिले तर तो निराशेचा आणि अज्ञानाचा परिपाक होता.

त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. आपले वऱ्हाड त्यात नव्हते. परंतु त्या कायद्यातली दृष्टी आपल्याला शिकवणारी आहे. न्यायाधीशाने शेतकरी प्रतिवादीची स्वतः साक्ष घ्यावी, नुसत्या रोख्यावर विसंबू नये, व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असे त्यात सांगितले होते. प्रतिवादी गप्प आहे म्हणून वादीचे म्हणणे खरे, हे समीकरण त्या कायद्याने नाकारले.

दुसरा धडा आपल्या अधिक जवळचा आहे. १९५६ पर्यंत यवतमाळ जिल्हा नागपूर उच्च न्यायालयाच्या कक्षेत होता. आज तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली येतो. या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवून न्यायमूर्ती विवियन बोस १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५५ साली त्यांच्यापुढे राजस्थानातील निवडणूक अर्जाचे एक प्रकरण आले. संग्रामसिंह विरुद्ध निवडणूक न्यायाधिकरण, कोटा, हे ते प्रकरण होय. प्रतिपक्ष आधीच्या सुनावणीला हजर होता, पण पुढच्या एका तारखेला तो आला नाही आणि त्याचे वकीलही आले नाहीत. न्यायाधिकरणाने काम एकतर्फी सुरू केले. नंतर वकील आले तेव्हा त्यांना पुढच्या कामातही भाग घेऊ दिला नाही. न्यायमूर्ती बोस यांनी हा पवित्रा चुकीचा ठरवला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, न्यायाची कार्यपद्धती ही न्याय सुकर करण्यासाठी आहे. ती माणसाला अडकवण्याचा सापळा नव्हे, की शिक्षा देणारा कायदाही नव्हे. एका दिवसाची गैरहजेरी म्हणजे कायमची हद्दपारी नव्हे. वऱ्हाड-नागपूरकडच्या दाव्यांवर ज्यांचा न्यायबोध घडला, त्यांनी हे लिहिले, याचे आपल्याला अगत्य वाटावे.

इथवर आलो की मन भावाच्या बाजूने झुकते. परंतु आता एस. टी. च्या थांब्यावर उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहू या.

तिनेही हाक ऐकली होती आणि ती प्रत्येक वेळी आली होती. घरचे काम शेजारणीवर सोपवून, भाड्याचे पैसे जुळवून, दिवसभर बाकावर बसून ती परत गेली होती. ‘उदारपणे वागा’, ‘माणूस चुकतोच’, ‘एक संधी द्या’ अशी वाक्ये आपल्या तोंडी सहज येतात, कारण त्या उदारपणाची किंमत आपण देत नसतो. ती बहीण देते. न्यायाधीश जेव्हा निष्काळजी माणसाला क्षमा करतात, तेव्हा ते स्वतःच्या खिशातून काही देत नाहीत. ते वाट पाहणाऱ्याच्या खिशातून देतात. दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या दानाला आपण दान म्हणत नाही. मग दुसऱ्याच्या वेळेने केलेल्या क्षमेला क्षमा कसे म्हणावे?

निष्काळजीपणा हा नुसता स्वभावदोष आहे, अशी आपली एक सोयीची समजूत असते. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. पवित्र मिस्साच्या आरंभी आपण कबुली देतो ती केलेल्या गोष्टींचीच नव्हे, तर करायच्या राहिलेल्या गोष्टींचीही असते. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात निष्काळजीपणावर स्वतंत्र प्रश्न घेतला आहे आणि जी काळजी घेणे आपल्यावर बंधनकारक असते तिचा अभाव म्हणजे निष्काळजीपणा, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. दहा कुमारिकांचा दृष्टान्तही आपल्याला पाठ आहे. त्यातल्या पाच मूर्ख कुमारिकांनी कोणाचे वाईट केले नव्हते. त्यांनी फक्त तेल घेतले नव्हते. तरीही दार मिटले ते मिटलेच.

आणि कधी कधी दार मिटलेले राहणेच न्याय्य असते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेले एक प्रकरण असे होते. १९८९ साली पतीला एकतर्फी घटस्फोटाचा हुकूमनामा मिळाला. पत्नीने नोंदणीकृत टपालाने आलेल्या नोटिसा स्वीकारल्या नाहीत, असे न्यायालयाला आढळले. पतीने १९९१ साली दुसरा विवाह केला, त्याला मुले झाली. १९९३ च्या अखेरीस पत्नीने हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज केला. उच्च न्यायालयाने तो मान्य केला, पण सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर केला. ‘पुरेसे कारण’ म्हणजे ज्यात अर्जदाराचा निष्काळजीपणा किंवा अप्रामाणिकपणा नाही असे कारण, असा अर्थ न्यायालयाने स्पष्ट केला. विवाहाविषयीची आपली श्रद्धा वेगळी आहे, हे आपण जाणतो. परंतु येथे मुद्दा निराळा आहे. त्या हुकूमनाम्यावर विसंबून तिसऱ्याच माणसांचे आयुष्य उभे राहिले होते. त्या मुलांनी कोणतीही तारीख चुकवलेली नव्हती. उशिरा आलेल्यासाठी दार उघडताना आत बसलेले निरपराध बाहेर फेकले जात असतील, तर ती दया राहत नाही.

मग दोन्ही बाजू खऱ्या असतील तर मार्ग कोणता? आमच्या मते या कोड्याची किल्ली कायद्यातच आहे, पण तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. तेराव्या नियमात म्हटले आहे की, न्यायालय हुकूमनामा रद्द करताना खर्च, न्यायालयात रक्कम भरणे किंवा अन्य काही अटी घालू शकते. आणि पुढचाच चौदावा नियम सांगतो की, विरुद्ध पक्षाला नोटीस दिल्याशिवाय असा हुकूमनामा रद्द करता येणार नाही. म्हणजे न आलेल्याचे ऐकायचे की नाही, हे ठरवतानाही वाट पाहणाऱ्याचे आधी ऐकायचे. क्षमा करायची, पण तिची किंमत चूक करणाऱ्याने द्यायची आणि ती सोसणाऱ्याच्या हाती पडायची.

ही नुसती कल्पना नाही. १९८१ साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात वकील हजर न राहिल्यामुळे एका पक्षकाराचे अपील फेटाळले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सुरू केले. खेड्यातल्या माणसाने वकील नेमला, फी दिली, त्याच्यावर विश्वास ठेवला. आता वकील न्यायालयात जातो की नाही यावर त्याने पहारा ठेवावा काय, असा न्यायालयाचा विचार होता. परंतु विरुद्ध पक्षाला खर्चापोटी २०० रुपये देण्याचा आदेश झाला, आणि ते गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून वसूल करावेत, असे ठरले. रक्कम लहान आहे, तत्त्व मोठे आहे. ज्याची चूक त्याचा खिसा. पुढे १९९८ साली एन. बालकृष्णन विरुद्ध एम. कृष्णमूर्ती या प्रकरणात ८८३ दिवसांचा विलंब माफ झाला. उशीर किती दिवसांचा यापेक्षा त्याचे स्पष्टीकरण प्रामाणिक आहे की नाही हे महत्त्वाचे, असे न्यायालयाने म्हटले. तसेच विरुद्ध पक्षाचा विसर पडू नये असे बजावून त्याला १०,००० रुपये देण्याची अट घातली. उलट १९९३ साली सलील दत्ता प्रकरणात कलकत्त्यातील एका खाजगी कंपनीने वकिलाकडे बोट दाखवले, तेव्हा न्यायालयाने तिला तीच सवलत दिली नाही. शहरातली कंपनी आणि खेड्यातला निरक्षर माणूस यांच्याकडून एकाच मापाची काळजी अपेक्षिता येत नाही. बंधनकारक काळजीच्या अभावाला संत थॉमस निष्काळजीपणा म्हणतात, तेव्हा कोणाला कोणती काळजी बंधनकारक होती, हे आधी विचारावेच लागते.

आपल्या ख्रिस्तसभेच्या न्यायालयांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. १९८३ च्या कॅनन कायद्यातील कलम १५९२ आणि १५९३ यांत न आलेल्या पक्षाचा विचार आहे. बोलावणे त्याला वेळेवर पोहोचले होते, याची खात्री केल्याशिवाय न्यायाधीशाने त्याला गैरहजर घोषित करू नये. निकालापूर्वी तो आला तर त्याला आपले म्हणणे आणि पुरावा मांडता येतो, परंतु खटला मुद्दाम लांबवला जाणार नाही याची दक्षता न्यायाधीशाने घ्यायची. निकालानंतरही त्याला त्या निकालास आव्हान देता येते. आणि न येण्याचे योग्य कारण होते व स्वतःच्या दोषाशिवाय ते आधी कळवता आले नाही, असे त्याने दाखवले तर निकाल रद्द ठरवण्याची मागणीही करता येते. दार आणि चौकट दोन्ही तेथेही आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे, कारण तिच्यात आपला आत्मा गुंतलेला आहे. आपल्या कथेतला भाऊ अर्ज करायला जातो, तेव्हा त्याच्या मनात एक मोह उभा राहतो. ‘दुर्लक्ष झाले’ असे लिहिले तर अर्ज जाईल. ‘विषमज्वर झाला होता’ असे लिहिले, एखादा दाखला मिळवला, तर दार उघडेल. म्हणजे जो प्रामाणिकपणे चूक कबूल करतो तो बाहेर राहतो, आणि जो शपथेवर खोटे बोलतो तो आत येतो! कायद्याने केवळ निर्दोषांनाच आत घेण्याचे ठरवले, तर दोषी माणसे निर्दोषपणाची सोंगे आणतील. उलट जो म्हणतो, ‘चूक माझी आहे. माझ्यामुळे बहिणीचे जे नुकसान झाले ते मी भरून देतो. न्यायालय सांगेल ती रक्कम भरतो. यापुढे एकही तारीख चुकवणार नाही. फक्त हा कागद एकदा पाहा,’ त्याच्यासाठी जर दार उघडण्याची शक्यता असेल, तर सत्य बोलणे माणसाला परवडेल. ‘पुरेसे कारण’ या शब्दांचा अर्थ लावताना न्यायालयांनी पुष्कळदा उदार भूमिका घेतली आहे. ती उदारता आजारपणाच्या खोट्या दाखल्यांपेक्षा खऱ्या कबुलीला अधिक मिळावी, असे आम्हांला वाटते.

जक्कयाची आठवण येथे सहज होते. प्रभू त्याच्या घरी गेला, तेव्हा त्याने आपल्या चुकीसाठी सबबी सांगितल्या नाहीत. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देईन, असे तो म्हणाला. क्षमा आणि भरपाई या गोष्टी आपल्या परंपरेने कधी वेगळ्या केल्या नाहीत. पापनिवेदन करून उठलेल्या माणसावर शेजाऱ्याचे देणे फेडण्याचे कर्तव्य उरतेच. अंजिराच्या झाडाच्या दृष्टान्तातही माळी आणखी एक वर्ष मागतो, पण तो फुकट मागत नाही. मी भोवती खणीन, खत घालीन, असे म्हणतो. आणि तो एकच वर्ष मागतो.

म्हणून आमचे मत असे आहे. न आलेल्या माणसाच्या तीन जाती आहेत. पहिला, ज्याला हाक पोहोचलीच नाही किंवा जो खरोखर येऊ शकला नाही. त्याच्यासाठी दार उघडणे हा त्याचा हक्क आहे, ती दया नव्हे. दुसरा, जो निष्काळजी होता पण कपटी नव्हता. त्याला एक संधी मिळावी, परंतु त्याने सत्य बोलावे, वाट पाहणाऱ्याची भरपाई करावी, आणि त्याच्या विलंबावर तिसऱ्या निरपराधाचे आयुष्य उभे राहिलेले नसावे. तिसरा, जो वेळ काढण्यासाठीच घरी बसला, ज्याने नोटिसा परत पाठवल्या आणि समोरचा थकेल याची वाट पाहिली. त्याच्यासाठी मिटलेले दार हाच न्याय. कारण त्याला ऐकवायचे काही नसते, त्याला केवळ दुसऱ्याचे ऐकू द्यायचे नसते. कोण कोणत्या जातीचा, हे ओळखणे अवघड आहे. पण न्यायाधीशाचे काम अवघड आहे म्हणून ते टाळता येत नाही.

एवढे सांगून हा लेख न्यायाधीशांच्या माथी ठेवणे बरे नव्हे. यातला मोठा वाटा आपल्या घरांचा आहे. कॅलेंडरमागे खोचलेले कागद आपल्यापैकी किती घरांत असतील? टपालाने आलेली नोटीस ‘घेऊच नका’ असा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक गावात आहेत. नोटीस न घेतल्याने दावा थांबत नाही. न्यायालय कागद दारावर चिकटवू शकते, वर्तमानपत्रात जाहीर करू शकते, आणि मग निकाल होतो तो आपल्याविरुद्ध. ज्याला वाचता येत नाही त्याला कागद वाचून दाखवणे, तारीख सांगणे, प्रसंगी त्याच्याबरोबर तालुक्याला जाणे, ही दयेची कृत्येच आहेत. आपल्या जिल्ह्यात कोलाम आणि गोंड बांधवांची अनेक गावे आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न किती याचा विचार न करता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. धर्मग्रामातल्या सुशिक्षित तरुणांनी एवढी माहिती चार घरांत पोहोचवली, तरी काही एकतर्फी हुकूमनामे होण्याआधीच टळतील.

आणि त्या भावाबहिणीचे काय? आपण त्यांना कल्पिले आहे, म्हणून त्यांचा निकाल देणे आपल्याला सोपे आहे. पण तो मोह आम्ही टाळतो. एवढेच म्हणतो की, भावाने अर्ज करण्यापूर्वी एक दिवस अमरावतीची एस. टी. पकडावी. बहिणीने जितक्या वेळा तो प्रवास केला त्यातला एक तरी त्याने करावा. तिच्या दाराशी उभे राहून ‘ताई, मी यायला हवे होते’ एवढे म्हणावे. ती दार उघडील की नाही, हे तिने ठरवायचे. न्यायालयातले दार उघडण्याची प्रार्थना त्यानंतर करावी. कोर्टाची पायरी चढू नये हे शहाणपण असेलही, पण ज्याला हाक आली आहे त्याने घरी बसावे, असे त्या म्हणीत कुठेही सांगितलेले नाही.